पहिले अठ्ठावीस दिवस : मज्जानलिकेच्या जन्मदोषांचा इतिहास

इ. स. १८२६ साली पॅरिसमध्ये इजिप्तमधील प्राचीन वस्तूंचा एक मोठा संग्रह प्रदर्शनात मांडण्यात आला. जुझेप्पे पासालाक्वा नावाच्या इटालियन गृहस्थाने तो जमविला होता. त्यातील एक लहानशी ममी हर्मोपोलिस येथील पवित्र प्राण्यांच्या भुयारी दफनभूमीत सापडली होती. हर्मोपोलिस हे थोथ देवतेचे नगर आणि वानर हा त्या देवतेचा पवित्र प्राणी. तेव्हा ही ममीही वानराचीच असणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. एतिएन जोफ्र्वा सां-हिलेर या विख्यात प्राणिशास्त्रज्ञाने ती उलगडून तपासली आणि सांगितले, की हे वानर नव्हे, मनुष्याचे अर्भक आहे. त्याची कवटी वरच्या बाजूने घडलेलीच नव्हती, आणि कवटीखाली जो मेंदू असावयाचा तोही नव्हता.

कोणा इजिप्शियन मातेच्या पोटी ते मूल जन्मले असेल आणि जन्मताच मरण पावले असेल. तिच्या लोकांनी त्याला माणसांत पुरले नाही, पण फेकूनही दिले नाही. मसाले लावून, पट्ट्यांत गुंडाळून देवाच्या प्राण्यांमध्ये त्याला जागा दिली. या मुलाला काय म्हणावे आणि ते असे का जन्मले, हे दोन प्रश्न त्या भुयाराइतके जुने आहेत. पहिल्याचे उत्तर द्यावयास ख्रिस्तसभेलाही पुष्कळ काळ लागला. दुसऱ्याचे उत्तर गेल्या साठ वर्षांत बरेचसे हाती आले आहे, आणि तेच या लेखाचे मुख्य प्रयोजन आहे.

प्रथम दोष कोणता ते पाहू. गर्भ राहिल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात त्या इवल्याशा जिवाच्या पाठीवर पेशींची एक सपाट पट्टी तयार होते. तिच्या दोन्ही कडा हळूहळू वर उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि जुळतात. नाताळच्या नेवऱ्या करणाऱ्या भगिनींना हे समजावून सांगावयास नको. सारण भरल्यावर पारीच्या कडा जशा एकीवर एक आणून दाबाव्यात, तसेच हे काम चालते. अशी जी बंद नळी तयार होते ती मज्जानलिका. तिच्या वरच्या टोकातून मेंदू आणि उरलेल्या भागातून पाठीचा मज्जारज्जू घडतो. वरचे टोक पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटते आणि खालचे अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत. वरचे टोक मिटले नाही तर मेंदू आणि कवटी घडत नाही. असे मूल पोटातच किंवा जन्मानंतर थोड्या तासांत, फार तर दिवसांत दगावते. या अवस्थेला अ‍ॅनेन्सेफली म्हणतात. खालचा भाग उघडा राहिला तर पाठीचा कणा दुभंगलेला राहतो. हा स्पायना बिफिडा. असे मूल जगू शकते, परंतु कंबरेखालचे बळ, लघवी-शौचावरचा ताबा यांना ते पारखे होते, आणि अनेकदा डोक्यात पाणी साचून जलशीर्षही होते. अठ्ठाविसावा दिवस म्हणजे मातेची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. आपल्याला दिवस गेले आहेत हे पुष्कळ स्त्रियांना तेव्हा ठाऊकही नसते.

आता पहिल्या प्रश्नाकडे. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात विचित्र देहाच्या अर्भकांसाठी स्वतंत्र सूचना होती. ज्याला मानवी रूपच नाही त्याला स्नानसंस्कार देऊ नये, आणि शंका असेल तर ते मनुष्य असेल तरच हा संस्कार लागू व्हावा अशी अट घालून द्यावा, असा तिचा आशय. आज हे वाचताना मनाला बोचते. परंतु त्याच परंपरेतून १७४५ साली पालेर्मोच्या फ्रान्चेस्को कान्जामिला या धर्मगुरूने गर्भस्थ व व्यंग असलेल्या अर्भकांच्या स्नानसंस्कारावर ‘एम्ब्रिओलॉजिया साक्रा’ हा ग्रंथ लिहिला. त्याचा कल शंका असल्यास संस्कार द्यावा याकडेच होता. १९१७ च्या धर्मसंहितेने ७४८ व्या नियमात निकालच दिला, की अशा बालकांना निदान सशर्त तरी स्नानसंस्कार नेहमीच द्यावा. नियमातला त्यांच्यासाठीचा लॅटिन शब्द मात्र ‘मॉन्स्ट्रा’ हाच राहिला. १९८३ च्या संहितेतून तो नियम वगळण्यात आला. त्या शब्दाची गरजच कोणाला उरली नव्हती. १९९६ साली अमेरिकन महागुरूंच्या सिद्धान्तविषयक समितीने अ‍ॅनेन्सेफली असलेल्या बालकांविषयी निवेदन काढले. त्यात ते मूल मनुष्यच आहे, कितीही थोडा वेळ जगो, त्याला माणसाचा मान मिळाला पाहिजे, असे निःसंदिग्धपणे मांडले आहे. तीनशे ऐंशी वर्षांत आपण ‘मनुष्य असेल तर’ यातील ‘तर’ पुसून टाकला. हा प्रवास मला लहान वाटत नाही.

दुसरा प्रश्न कारणाचा, आणि येथे इतिहास मातांच्या वाट्याला फार कठोर आला. फ्रेंच शल्यविशारद आंब्रोआझ पारे याने १५७३ साली अशा जन्मांवर एक पुस्तक लिहिले आणि पुढील आवृत्त्यांतून कारणांची यादी तेरावर नेली. पहिले कारण ईश्वराचा गौरव, दुसरे ईश्वराचा कोप. पुढे बीजाची अधिकता, गर्भाशयाची संकुचितता, मातेचे बसणे-उठणे, तिला झालेली मारहाण, आणि तिची कल्पनाशक्ती. गर्भवतीने भयंकर काही पाहिले तर त्याचा ठसा गर्भावर उमटतो, ही समजूत युरोपात अठराव्या शतकातही विद्वानांच्या वादाचा विषय होती. पहिल्या कारणासाठी पारेने दाखला दिला तो योहानलिखित शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायाचा. जन्मांधाला पाहून शिष्यांनी पापाचा धनी कोण, असे विचारले आणि प्रभूने तो प्रश्नच नाकारला, हे वाचकांना ठाऊक आहे. वाईट वाटते ते एवढ्याचेच, की पारेने तो अध्याय पहिल्या ओळीत ठेवला आणि त्याखाली मातेवरच्या आरोपांची यादी लिहिली.

आपल्याकडे ग्रहणाने हेच काम केले. ग्रहणकाळात गर्भारशीने विळी-सुरी हाती घेऊ नये, काही चिरू नये, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नये; मुलात व्यंग निघाले की तिने ग्रहण पाळले नाही असा ठपका यावयाचा. ख्रिस्ती घरांतून ही समजूत हद्दपार झाली आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

शवविच्छेदन करणाऱ्यांनी मातेला निदान त्यांच्या पुस्तकातून तरी बाहेर ठेवले. रेम्ब्रांटच्या १६३२ च्या सुप्रसिद्ध चित्रात शवाजवळ शिकवणारे आम्स्टरडॅमचे डॉक्टर निकोलास तुल्प यांनी सतराव्या शतकाच्या मध्यास या पाठीच्या विकाराला स्पायना बिफिडा हे नाव दिले. पादुआचे मोर्गान्यी यांनी १७६१ साली त्याचा जलशीर्षाशी असलेला संबंध दाखविला. साचलेल्या पाण्याच्या दाबाने कणा फुटतो असे त्यांना वाटे. १८८६ साली फोन रेकलिंगहाउझेन यांनी कणा फुटत नाही, तो मुळात मिटलेलाच नसतो, असा पक्ष मांडला. कसे घडते हे यातून कळत गेले. का घडते याला मात्र सुरीने उत्तर मिळत नव्हते.

ते मिळू लागले मोजणीतून. विसाव्या शतकाच्या मध्याला ब्रिटिश बेटांवरील जन्ममृत्यूच्या नोंदी पाहणाऱ्यांच्या लक्षात आले, की हा दोष सर्वत्र सारखा पसरलेला नाही. बेलफास्टमध्ये आणि दक्षिण वेल्सच्या कोळसाखाणींच्या खोऱ्यांत हजार जन्मांमागे सात-आठ बालके या दोषाची निघत. आग्नेय इंग्लंडमध्ये हे प्रमाण पुष्कळ कमी होते. मजुरांच्या घरांत ते अधिक, डॉक्टर-वकिलांच्या घरांत कमी. अ‍ॅनेन्सेफली मुलांपेक्षा मुलींत अधिक आढळे. एकदा असे मूल झालेल्या मातेला पुन्हा तसेच मूल होण्याची शक्यता वीस-पंचविसात एक, म्हणजे इतरांच्या मानाने कितीतरी पट. रक्ताचा दोष म्हणावा, तर बॉस्टनला जाऊन स्थायिक झालेल्या आयरिश कुटुंबांत प्रमाण तेथील इतरांहून जास्त परंतु आयर्लंडमधल्या भावंडांहून कमी आढळले. शिवाय त्याच ईशान्य अमेरिकेच्या जुन्या नोंदी चाळताना १९२९ ते १९३२ या मंदीच्या काळात या दोषाची एक लाटच येऊन गेल्याचे १९७१ मध्ये उघड झाले. ती आली तेव्हा कोणाच्या ध्यानातही आली नव्हती. आनुवंशिकता चार वर्षांत चढत आणि उतरत नसते. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने अन्न अडविले, आणि त्या दुष्काळाच्या ऐन भरात ज्यांचा गर्भ राहिला त्या बालकांत मज्जासंस्थेचे दोष वाढलेले दिसले. दरिद्री घर, मंदी, दुष्काळ : सगळ्या खुणा स्वयंपाकघराकडे बोट दाखवीत होत्या.

पण स्वयंपाकघरातील कोणता पदार्थ? १९७२ साली जेम्स रेनविक या ब्रिटिश वैज्ञानिकाने उत्तर दिले : बटाटा. त्याचे म्हणणे असे, की रोग पडलेल्या बटाट्यांत एक अज्ञात विषारी द्रव्य तयार होते आणि ते गर्भाला बाधते. ज्या प्रदेशात आणि ज्या वर्षी बटाट्यावर करपा अधिक, तेथे हा दोष अधिक, असे आकडे त्याने मांडले. आयर्लंडसारख्या देशात हे ऐकून लोकांच्या अंगावर काटा आला असेल. १८४५ नंतरच्या दुष्काळात याच करप्याने शेतेच्या शेते कुजवली होती, दहा लाखांच्या आसपास माणसे मेली होती आणि तितकीच देशोधडीला लागली होती. तोच बटाटा आता पोटातल्या मुलांनाही खातो आहे, हे एखाद्या शोकांतिकेत शोभावे असे होते. पूर्वी असे मूल झालेल्या काही मातांनी बेलफास्टमध्ये पुढल्या खेपेला बटाटा पूर्णपणे वर्ज्य केला. तरीही त्यांच्यातील काहींना पुन्हा तसेच मूल झाले. १९७५ पर्यंत हा तर्क जवळजवळ निकालात निघाला. रेनविक चुकला, पण त्याच्या चुकीचा एक उपयोग झाला. हा दोष टाळता येण्याजोगा आहे, असे छातीठोकपणे म्हणणाऱ्या पहिल्या काही जणांत तो होता. अन्नात काय जास्त आहे हे तो शोधत होता. शोधावयाचे होते ते अन्नात काय कमी आहे हे.

ते कमी पडणारे द्रव्य चाळीस वर्षांपूर्वी आपल्या मुंबईत हाती लागले होते, मात्र निराळ्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून. १९२८ साली डॉ. लूसी विल्स ही इंग्लिश विदुषी डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्या निमंत्रणावरून मुंबईला आली. परळच्या हाफकीन संस्थेत बसून बाळंतपणात मातांचे मृत्यू का होतात याची चौकशी करण्याचे काम तिच्याकडे होते. (हाफकीन संस्थेची ती जुनी इमारत गव्हर्नरांच्या ताब्यात जाण्यापूर्वी जेझुईट फादरांची होती, असे मुंबईच्या इतिहासात सांगितले जाते, ही गोष्ट आमच्या लोकांना सांगितली की ते जरा ताठ बसतात.) गिरण्यांच्या वस्तीतील गरीब गर्भवती स्त्रियांमध्ये एक भयंकर पंडुरोग आढळे. रक्तातील तांबड्या पेशी फुगून मोठ्या होत, संख्येने घटत, आणि बाळंतपणाच्या आधी किंवा नंतर बाई जाई. पडद्यात राहणाऱ्या आणि निकृष्ट अन्नावर दिवस काढणाऱ्या स्त्रियांना तो विशेष होई. लूसी विल्सने त्यांच्या जेवणाची बारकाईने नोंद केली आणि तसलेच अन्न प्रयोगशाळेतील प्राण्यांना घातले. उंदरांवरचे प्रयोग उवांमुळे फसले. उवांतून पसरणाऱ्या जंतूंनीच त्यांचे रक्त आटत होते. मग माकडे घेतली. एक माकड मरणाच्या दारी असता तिने त्याला मार्माईट चाटविले. बीअर गाळून उरणाऱ्या यीस्टचा हा काळाकुट्ट खारट अर्क इंग्रज लोक पावाला लावून खातात. माकड उठून बसले. रुग्ण स्त्रियांना दिले, त्याही सुधारल्या. १९३१ साली तिने ही हकीगत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. यीस्टमधल्या त्या अनामिक द्रव्याला पुढे काही वर्षे ‘विल्स घटक’ म्हणत.

१९४१ साली अमेरिकेत टेक्सास येथे चार टन पालक उकळून, गाळून त्यातून एक द्रव्य चिमूटभर वेगळे करण्यात आले. पानाला लॅटिनमध्ये ‘फोलिउम’ म्हणतात म्हणून त्याचे नाव फॉलिक आम्ल. विल्स घटक तो हाच. लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीत्या तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते आंध्रचे येल्लप्रगडा सुब्बाराव; ते साल १९४५. पेशी दुभंगून वाढावयाच्या तर प्रत्येक वेळी नवे जनुकद्रव्य घडवावे लागते आणि त्याला फॉलिक आम्ल लागते. चौथ्या आठवड्यातल्या गर्भाइतक्या वेगाने वाढणारे दुसरे काय आहे? तरीही या दोन गोष्टी एकत्र जोडावयास आणखी वीस वर्षे गेली. लिव्हरपूलच्या हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी १९६५ साली, सव्यंग मुले झालेल्या मातांच्या शरीरात फॉलिक आम्लाचा तुटवडा अधिक आढळतो, असे दाखविले. लूसी विल्स १९६४ मध्येच निवर्तल्या होत्या. परळच्या माकडाला चाटविलेल्या त्या अर्कात मुलांचे कणे जुळविण्याची शक्ती होती, हे त्यांना कळलेच नाही.

स्मिथेल्स पुढे लीड्सला गेले. पूर्वी असे मूल झालेल्या निम्म्या मातांना खरी जीवनसत्त्वे आणि निम्म्यांना निर्गुण गोळ्या द्याव्यात, असा त्यांचा बेत होता. रुग्णालयांच्या नीतिसमित्यांनी तो अमान्य केला. एवढ्या दुःखी मातांना फसव्या गोळ्या देणे अन्यायाचे, असे त्यांचे म्हणणे. मग स्मिथेल्स यांनी तयार होणाऱ्या सर्वांना खऱ्या गोळ्या दिल्या आणि ज्या आधीच गर्भवती होऊन आल्या होत्या त्यांच्याशी तुलना केली. १९८० मध्ये निष्कर्ष आले : गोळ्या घेतलेल्या १७८ मातांत दोष फिरून एकदाच उद्भवला, न घेतलेल्या २६० मध्ये तेरा वेळा. आणि आता टीकाकार म्हणाले, गोळ्या वेळेवर घेणाऱ्या बायका मुळातच शिकलेल्या, चांगले खाणाऱ्या असणार. यावरून काय सिद्ध होते? टीका खोटी नव्हती. समित्यांची करुणाही खोटी नव्हती. पण दोहोंच्या मध्ये अकरा वर्षे गेली.

त्या अकरा वर्षांत प्रतिबंध या शब्दाला दुसराच अर्थ येत होता. १९७२ साली एडिंबरोमध्ये गर्भजलातील एका प्रथिनावरून हा दोष पोटातच ओळखण्याची युक्ती सापडली. मग रक्ताची तपासणी आली, सोनोग्राफी आली, आणि दोष दिसला की गर्भपात ही वाट रुळली. आकडेवारीत अशा जन्मांची संख्या घटलेली दिसे. मी धर्मगुरू आहे, माझे मत वाचकांना अपेक्षितच असेल. तरी एवढे म्हणतो, की आजार नाहीसा होणे आणि आजारी नाहीसा होणे यांचा हिशेब एकाच रकान्यात मांडणे हे आकडेशास्त्रालाही शोभत नाही. ज्या मातांनी तो निर्णय घेतला त्यांच्याकडे बोट दाखविण्याचा माझा हेतू नाही. पारेची यादी मला वाढवावयाची नाही.

अखेर १९८३ साली प्रा. निकोलस वॉल्ड यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटनच्या वैद्यक संशोधन परिषदेने खरीखुरी कसोटी सुरू केली. सात देशांतील ३३ केंद्रे, १,८१७ स्त्रिया. कोणाला कोणती गोळी हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले. ११९५ जणींच्या गर्भारपणाचा निकाल हाती आला तेव्हा फॉलिक आम्ल घेतलेल्यांत सहा आणि न घेतलेल्यांत एकवीस दोषी गर्भ होते. फरक इतका स्पष्ट, की १९९१ च्या एप्रिलमध्ये प्रयोग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. शंभरातील बहात्तर टळतात, असा तो हिशेब. पुढच्याच वर्षी बुडापेस्टच्या चाइझेल यांनी, पूर्वी असे मूल न झालेल्या मातांतही हे खरे आहे, हे दाखविले. फॉलिक आम्लयुक्त गोळी घेतलेल्या २,१०४ जणींत एकही नाही, इतर २,०५२ जणींत सहा. चीनने १९९३ ते १९९५ या काळात सुमारे अडीच लाख स्त्रियांची नोंद ठेवली. उत्तरेकडील प्रांतांत, जेथे हा दोष फार, तेथे रोज ४०० मायक्रोग्रॅमच्या एका गोळीने हजारी ४.८ वरून प्रमाण १ वर आले. दक्षिणेत मुळात १ होते, ते ०.६ झाले. या दोन आकड्यांत एक धडा दडलेला आहे. गोळीने उत्तर आणि दक्षिण जवळजवळ समान केली, पण शून्यावर कोणालाच आणले नाही. जे उरते त्याची कारणे निराळी असतात.

ती निराळी कारणे अनेक आहेत. फ्रान्समधील लियों येथे १९८२ साली फेफऱ्यावरच्या व्हॅलप्रोएट या औषधाचा स्पायना बिफिडाशी संबंध उघडकीस आला. ते घेणाऱ्या मातांना धोका शंभरात एक-दोन इतका असतो. मातेचा मधुमेह, अतिस्थूलता, पहिल्या आठवड्यांतील तीव्र ताप हीही कारणे. १९९५ मध्ये डच संशोधकांनी फॉलिक आम्ल वापरण्याची शरीराची क्षमता मंदावणारा एक जनुकभेद दाखवून दिला. टेक्सासमध्ये मेक्सिकोच्या सीमेवर ब्राउन्सव्हिल नावाचे गाव आहे, बव्हंशी मेक्सिकन वंशाच्या कॅथलिक कष्टकऱ्यांचे. तेथील एका रुग्णालयात १९९१ च्या एप्रिलमध्ये छत्तीस तासांत अ‍ॅनेन्सेफलीची तीन बालके जन्मली. लोकांनी नदीपलीकडच्या कारखान्यांच्या धुराकडे बोट दाखविले. बऱ्याच वर्षांच्या शोधानंतर संशय स्थिरावला तो मक्यावर. रोजच्या भाकरीच्या मक्याला येणाऱ्या बुरशीत फ्यूमोनिसिन नावाचे विष असते आणि ते पेशींना फॉलिक आम्ल आत घेऊ देत नाही. त्याआधीच्या हंगामात टेक्सासमध्ये तसला मका खाऊन घोडे मेले होते. रेनविकचा बटाटा निर्दोष सुटला खरा, पण बुरशीविषयीची त्याची शंका अगदीच वेडगळ नव्हती, असे आता म्हणावे लागते.

आपल्या देशाची स्थिती काय? परदेशी गेलेल्या पंजाबी शिखांमध्ये हा दोष अधिक आढळतो, हे सिंगापूरमध्ये १९५९ सालीच नोंदले गेले आणि पुढे कॅनडात व्हँकूव्हरकडेही दिसले. १९७८ मध्ये डॉ. ईश्वरचंद्र वर्मा यांनी उत्तर भारतातील मोठ्या प्रमाणाकडे लक्ष वेधले. रुग्णालयांच्या नोंदींवर विसंबता येत नाही, कारण तेथे अडलेल्या बाळंतिणीच अधिक येतात. म्हणून उत्तर प्रदेशातील बलरामपूर जिल्ह्यात घरोघर जाऊन मोजणी झाली. २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा हजारी साडेसहा ते आठ असा आकडा निघाला. जुन्या बेलफास्टचा तोच आकडा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८८ मध्ये आपल्याकडेही फॉलिक आम्लाची कसोटी सुरू केली होती. लंडनचा निकाल आल्यावर ती थांबविली. तोवर गोळी घेतलेल्यांत दोष शंभरी २.९२ आणि न घेतलेल्यांत ७.०४ वेळा फिरून उद्भवला होता. संख्या थोडी असल्याने शास्त्राच्या कसोटीस तो फरक उतरला नाही, इतकेच. पुण्याहून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आणखी एक वेगळा धागा पुढे आणला : आपल्या मातांत कमतरता दिसते ती फॉलिक आम्लाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, ब-१२ जीवनसत्त्वाची. ते पालेभाजीत नसते. दूध, अंडी, मासे, मांस यांतच असते. ज्या घरात शाकाहार आहे आणि दूध चहापुरतेच येते, तेथे नुसत्या फॉलिक आम्लाने भागेलच असे नाही.

गोळीची अडचण मात्र पहिल्या परिच्छेदांतच सांगून झाली आहे. ती घ्यावयाची वेळ दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीची आहे. आपल्या सरकारी हिशेबात बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदविणारी गर्भवती वेळेवर आली असे मानतात, आणि तेव्हा मज्जानलिकेची गोष्ट संपून दीड महिना झालेला असतो. म्हणून काही देशांनी पिठातच फॉलिक आम्ल घालण्याचा कायदा केला. अमेरिका आणि कॅनडा १९९८, चिली २०००, दक्षिण आफ्रिका २००३. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांतात आयरिश वंशाची वस्ती मोठी. तेथे प्रमाण हजारी साडेचारवरून एकाच्या खाली आले. ज्या ब्रिटनने हा शोध लावला त्याने मात्र पिठात तो घालण्याचा निर्णय जाहीर केला २०२१ मध्ये आणि नियम केला २०२४ मध्ये. शोधापासून तेहतीस वर्षे! भारतात २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी सरकारी योजनांतून पोषणयुक्त तांदूळ देण्याची घोषणा झाली. अशा तांदळात किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असावे असे मानक आहे. दिवसाला पाव किलो तांदूळ खाणारीच्या पोटात त्यातून वीस-तीस मायक्रोग्रॅम जातात. हवे असतात चारशे. तांदूळ वाईट नाही, पण त्याच्या भरवशावर गोळी सोडता येणार नाही.

दिवस जाण्यापूर्वी त्या स्त्रीला गाठणार कोण? डॉक्टर नाही, आशाताई बहुधा नाही. लग्न ठरले की वधू आणि वर सर्वप्रथम जातात ते धर्मग्रामाच्या कार्यालयात. घोषणा होण्याआधी विवाहपूर्व शिबिराचा दाखला लागतो, म्हणून दोघे तेथे दोन-तीन दिवस समोर बसलेले असतात. नैसर्गिक कुटुंबनियोजनावर आपण त्यांना एक संपूर्ण सत्र देतोच. त्यातच धर्मग्रामातील एखाद्या परिचारिकेला किंवा डॉक्टरबाईंना पंधरा मिनिटे द्यावीत, असे मी माझ्या धर्मगुरू बांधवांना सुचवितो : लग्नापासूनच ४०० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी, जोडीला ब-१२ ची चौकशी, फेफरे किंवा मधुमेह असल्यास आधी वैद्याची भेट. ज्या मातेला पूर्वी असे मूल झाले आहे तिची गोष्ट वेगळी. तिला दहापट मोठी मात्रा लागते, ती डॉक्टरांनी लिहून द्यावी लागते, आणि पुढचा गर्भ राहण्यापूर्वी निदान महिनाभर ती सुरू झालेली असावी लागते. तिच्या मुलाचा अंत्यविधी आपणच केलेला असतो; तेव्हा तिचा पत्ता आपल्याजवळ असतो.